थोरली

“अण्णा, हे रान कुणी पेरलं?”

ठकूबाई मागच्या दारात उभी होती. खांद्यावर कुदळ, कमरेला खोचलेला विळा, गालात तंबाखू. समोर आमचं परसू. घर बांधलं तेव्हा तिथं मोकळी जमीन होती. आता घोट्यापासून खांद्यापर्यंत उंचीची रोपं अशी दाटली होती की कुंपणाची भिंत दिसत नव्हती.

“कुणी पेरलं नाही. आपोआप आलं,” मी म्हणालो.

“आपोआप काय बी येत न्हाई, अण्णा. समदं कुणाच्या तरी पोटचं आसतंय.”

ही २००९ सालच्या भाद्रपदातली गोष्ट. करमाळ्याच्या वाचनालयातली माझी ग्रंथपालाची नोकरी संपून दोन वर्षं झाली होती. त्या रोपांपायी शेजारचे गुंजाळ तीनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा न हसता. तिसऱ्यांदा आले तेव्हा आमच्या बाजूनं त्यांच्या न्हाणीघरात धामण शिरलेली होती. “एवढी पुस्तकं वाचता, अण्णा, जरा परसूही वाचत जा,” असं म्हणून ते गेले. मला उत्तरं दोन दिवसांनी सुचतात, आणि तीही बरोबर असतातच असं नाही.

“राती पाणी सोडलं हुतं का?” ठकूबाईनं विचारलं.

“सोडलं होतं. तुम्ही सांगितलं तसं.”

“मग बेस. ओलीत मुळासकट येतंय. कोरड्यात तुटतंय. आन् तुटलं की एकाचं चार.”

तिनं पदर खोचला, एक रोप अगदी जमिनीलगत धरलं, थोडं पिळलं आणि ओढलं. मूळ सळसळत बाहेर आलं. “बघा. झाड वीतभर, मूळ हातभर.”

मीही एक ओढलं. ते कट् करून मधोमध तुटलं.

“आवं, पान उलटल्यावानी नका करू. बुडाला धरा, बुडाला. तुमी बसा बघू तिकडं. पुस्तक आना एखांदं.”

मी बसलो नाही. दुपारपर्यंत मी तीसेक रोपं उपटली असतील. त्यातली मुळासकट किती आली ते सांगायची लाज वाटते. ठकूबाईनं तेवढ्या वेळात भिंतीपर्यंत वाट पाडली. उपटलेल्या पाल्याचा ढीग शेळ्यांसाठी बाजूला रचत ती म्हणाली, “आज माझ्या शेरडांची दिवाळी.”

चहा घेऊन कुमुद बाहेर आली. कुमुद माझी बायको. तिनं आम्हा दोघांना चहा दिला आणि स्वतःची कपबशी घेऊन कोपऱ्यातल्या मोठ्या झाडाखाली जाऊन बसली. तिथं तिनं एक फरशी टाकून घेतली होती. झाड घराच्या गच्चीच्या वर गेलेलं. बुंध्याभोवती विटांचं कडं, विटांना चुना, आणि चुन्यावर हळदीकुंकवाची ताजी बोटं. बारा वर्षांत त्या बोटांना एक दिवस खाडा नव्हता.

“आन् ही थोरली?” ठकूबाईनं बशी खाली ठेवत विचारलं. “हिला कवा काढायची?”

कुमुद हसली. “तिला नाही काढायचं. ती आमची वैजू आहे.”

ठकूबाईला कळलं नाही. मग कुमुदनं सांगितलं. वैजयंती, आमची एकुलती एक. बारावीत होती. ताप मेंदूत गेला आणि तीन दिवसांत आटोपलं. राख नदीत सोडायची नाही, परसात खड्डा करून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, ही कल्पना माझी होती. कुठल्यातरी मासिकात वाचली होती. नातेवाईक चिडले. माझा मोठा भाऊ तर उठून निघून गेला. अशा वेळी मी बहुधा माघार घेतो. त्या दिवशी घेतली नाही, कारण कुमुद माझ्या बाजूनं बोलली.

“मी म्हटलं, नदीत गेली तर दिसणार नाही,” कुमुद ठकूबाईला सांगत होती. “इथं दिसेल तरी.”

ठकूबाईनं लुगड्याला हात पुसले, बुंध्याला लावले आणि कपाळाला टेकवले. “चुकलं, वैनी. झाड कंचं म्हनायचं हे?”

“शिरीष. यांनी निवडलं. बारशालाच हे म्हणाले होते, पोर शिरीषाच्या फुलासारखी आहे म्हणून.”

ठकूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी कपातल्या चहाकडं पाहत राहिलो.

कुमुद भांडी घेऊन आत गेली. तशी ठकूबाई कुदळ टेकून माझ्याजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, “अण्णा, शिरस म्या बघितलाय. माझ्या म्हायेरी येशीपाशी हाय. फुलला की गल्लीभर वास सुटतो. ही सुबाभूळ हाय. शेंगा बघा की, झुपक्यानं लटकल्यात. ही खालची समदी पोरं हिचीच.”

“माहीत आहे.”

“वैनीस्नी?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“आरं देवा.” तिनं तंबाखूची पिंक भिंतीकडं टाकली. “म्या न्हाई बोलायची. मला काय करायचंय? पर थोरली उभी हाय तवर दर साली मला बोलवावं लागंल, येवढं ध्येनात ठिवा. हिचं बी मातीत वीस-वीस वर्सं मरत न्हाई.”

ती पुन्हा कामाला लागली. मला हायसं वाटलं, हे लिहायला हवं. बाहेरच्या एका माणसाला कळलं आणि काहीच घडलं नाही. आणखी बारा वर्षं अशीच जातील असं वाटलं.

तेवढ्यात कुमुद परत आली. तिच्या हातात दुधाच्या धुतलेल्या पिशव्या होत्या, विसेक तरी.

“ठकूबाई, सगळी नका हं टाकू. चांगली बघून वीस रोपं द्या मला मुळासकट.”

“ती कशापायी, वैनी?”

“सोमवारी वैजूचा वाढदिवस. तीस पुरी झाली असती. तिच्या कन्याशाळेत नेऊन लावणार आहे मी. तिची मैत्रीण चारुशीला तिथं शास्त्र शिकवते ना, तिला फोनही केला. ती म्हणाली, काकू, आणाच, मुलींच्या हातांनी लावू.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. तुम्ही लाजून नको म्हणाला असता.”

मी बोटांवरची माती झाडू लागलो.

“लग्न झालं असतं तर एव्हाना घरात नातवंडं नाचली असती,” ती रोपांकडं हात करून म्हणाली. “ही काय कमी आहेत? गुंजाळांना म्हणावं, नातवंडं आहेत आमची, दंगा करणारच.”

ठकूबाईनं वीस रोपं काढून दिली. एकही तुटलं नाही. देताना तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पायरीवर गेलो तर पिशव्या भिंतीशी ओळीनं मांडलेल्या होत्या. कुमुद खुरप्यानं त्यांत माती दाबत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. वैजू गेल्यानंतर मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. परसाच्या पलीकडच्या टोकाला ठकूबाईची कुदळ चालू होती.

“बरं झालं आलात,” कुमुद म्हणाली. तिनं कात्रीनं कापलेले जाड कागदाचे वीस तुकडे माझ्यापुढं ठेवले. “तुमचं अक्षर चांगलं. यांवर लिहा. वर ‘शिरीष’, खाली ‘वैजयंतीच्या आठवणीसाठी’. एकेका पिशवीला बांधते.”

आयुष्यभर मी हेच केलं होतं. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी लावायची आणि आत जे आहे तेच बाहेर लिहायचं. मी पायरीवर बसून पहिली चिठ्ठी लिहिली. दुसरी लिहिली. तिसरीत ‘शिरीष’ लिहून झालं आणि मला डोळ्यांपुढं चारुशीला दिसली. ती पिशवी हातात घेईल, पानाकडं बघेल. शास्त्राची बाई ती. ती हसणार नाही, पण मुली हसतील. काकू, हे तर सुबाभूळ आहे, आमच्या शेताच्या बांधावर आहे, असं एखादी मुलगी म्हणेलच. आणि कुमुद भर मैदानात उभी असेल.

“कुमुद,” मी म्हणालो, “हे शिरीष नाही.”

“मग काय आहे?”

“सुबाभूळ.”

तिनं हातातल्या रोपाकडं पाहिलं, मग वर झाडाकडं. “अगंबाई! म्हणजे रोपवाटिकेवाल्यानं फसवलं की काय आपल्याला?”

तिच्या स्वरात राग नव्हता. चूकभूल झाली तरी झाड तेच, खड्डा तोच, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं. मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. रोपवाटिकेतला तो माणूस कधीच कुठंतरी बदलून गेला होता. एका अक्षराचं काम होतं. मी ते अक्षर का उच्चारलं नाही, याचा मी इतकी वर्षं विचार करतो आहे. खरं बोलायची ओढ होती म्हणावं, तर बारा वर्षं ती कुठं होती?

“नाही,” मी म्हणालो. “त्यानं शिरीषच दिलं होतं.”

“मग?”

“ते वाळलं.”

कुदळीचा आवाज थांबला. कुमुदनं खुरपं खाली ठेवलं.

“कधी?”

“पहिल्याच चैत्रात. तू अकलूजला भावाकडं गेली होतीस तेव्हा.”

“तुम्ही पाणी घालणार होता.”

“हो.”

“मी निघताना तीनदा सांगितलं होतं. एसटीच्या खिडकीतूनही सांगितलं होतं.”

“बारा दिवस मी मागचं दार उघडलं नाही.”

“का?”

“बघवत नव्हतं.”

तिनं बुंध्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “आणि हे?”

“वाचनालयाच्या मागं, भिंतीशी उगवलं होतं. पान तसंच दिसलं. मला वाटलं तेच असेल. तू यायच्या आदल्या दिवशी उलथन्यानं काढलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि लावलं. सुबाभूळ आहे हे पुढं फुलं आल्यावर कळलं. पुस्तकात बघितलं.”

“मी आले त्या दिवशी, पिशवीसुद्धा खाली न ठेवता इथं आले होते,” कुमुद म्हणाली. “मी म्हटलं होतं, अगंबाई, वाढली की! तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही.”

“नाही. तुम्ही ‘हो’ म्हणालात.”

मला ते आठवत नव्हतं. पण तिला आठवत होतं, म्हणजे म्हणालो असणार.

“खड्डा तोच आहे,” मी म्हणालो. “राख तिथंच होती, कुमुद. या झाडानं तीच घेतली. मुळं मातीतून सगळं शोषून...”

“पुस्तकातलं नका सांगू.”

मी थांबलो.

“वैजूचं झाड कुठं टाकलंत?”

हा प्रश्न येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. बारा वर्षं मी मनात सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. हा एक त्यांत नव्हता.

“कुठं टाकलंत? भिंतीपलीकडं? उकिरड्यावर?”

“बंबात घातलं.”

तिनं समजल्यासारखी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग अगदी हळू, हिशेब जुळवावा तशी म्हणाली, “मी आले त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी बंब पेटवून ठेवला होता. पाणी कढत होतं. मी म्हटलं, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला का?”

“कुमुद...”

“मी दोन बादल्या घेतल्या होत्या.”

ती उठली. साडीला लागलेली माती तिनं झटकली नाही. ठकूबाई परसाच्या टोकाला पाठ करून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कुमुद दोन पावलं तिच्याकडं गेली आणि म्हणाली, “ठकूबाई, थोरलीपण काढा.”

“वैनी, जरा दम खावा. राग हाय आत्ता. चार दिसांनी...”

“मला राग नाही आलेला. मुळासकट काढा.”

मग पिशव्यांच्या ओळीशी बसून तिनं वीसच्या वीस रोपं एकेक करून उपटली. बुडाला धरून, ठकूबाई धरायची तशी. ती उपटलेल्यांच्या ढिगावर टाकली. दुधाच्या पिशव्या नळाखाली धुतल्या आणि नेहमीसारख्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. आत जाऊन चारुशीलाला फोन केला. मला दारातून ऐकू आलं, “नाही गं, रोपं लागली नाहीत. नाही, नाही, बरी आहे मी.”

दुसऱ्या दिवशी ठकूबाई तिच्या दिराला घेऊन आली. त्यानं दोर बांधून आधी फांद्या उतरवल्या, मग बुंधा करवतला. कुमुद स्वयंपाकघरात होती. करवतीचा आवाज घरभर ऐकू येत होता आणि ती भाकऱ्या थापत होती. आम्ही दोघंच माणसं, तरी बऱ्याच भाकऱ्या केल्या तिनं त्या दिवशी.

दुपारनंतर खोडकी खणायला सुरुवात झाली. ठकूबाई कमरेइतक्या खड्ड्यात उतरली. बाजूची मुळं तुटली. मधलं मूळ मनगटाएवढं जाड होतं आणि ते सरळ खाली न जाता घराकडं वळलं होतं. तिच्या दिरानं पहार घालून पाहिली.

“अण्णा, हे घराखाली गेलंय,” ठकूबाई खड्ड्यातून म्हणाली. “काढायचं तर जोतं उकरावं लागंल.”

मी काठाशी बसून आत पाहिलं. काय दिसेल असं मला वाटत होतं, कुणास ठाऊक. काळी माती होती. सगळीकडं असते तशीच.

“राहू द्या,” मी म्हणालो. “माती टाका.”

त्यांनी मूळ जमेल तेवढं खालून तोडलं, वर जाडं मीठ ओतलं आणि खड्डा बुजवला. विटांचं कडं ठकूबाईनं भिंतीशी नीट रचून ठेवलं. हात धुवायला ती मागच्या पायरीशी आली, तेव्हा कुमुदनं आतून विचारलं, “निघालं का मुळासकट?”

प्रश्न मला होता.

“निघालं,” मी म्हणालो.

ठकूबाईचे हात नळाखाली तसेच राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग नळ बंद करून पदराला हात पुसले, आणि आत न जाता बाहेरच्या वाटेनं निघून गेली. रोपांचा सगळा पाला तिनं शेळ्यांसाठी नेला होता. थोरलीचा पाला मात्र पंधरा दिवस तिथंच वाळत पडला.

कुमुदनं मागच्या दाराला कडी घातली. पुढं चार वर्षं ती त्या दारानं गेली नाही. कपडे पुढच्या अंगणात वाळत घालायला लागली. आमच्यात भांडण झालं नाही. माझं जेवण, औषधं, चष्मा पुसायचा कपडा, सगळं वेळेवर मिळत होतं. फक्त वैजूचं नाव तिनं घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. सप्टेंबरातला तो सोमवार, आणि त्यानंतरचे तिचे सगळे वाढदिवस, इतर दिवसांसारखे गेले.

दीड महिन्यात उरलेल्या मुळातून कोंब वर आले. कुमुद गुरुवारी दत्ताच्या देवळात गेली की मी कडी काढून मागं जायचो, विळ्यानं कोंब छाटायचो, भिंतीपलीकडं टाकायचो, आणि ती यायच्या आत हात धुऊन पुस्तक घेऊन बसायचो. चार वर्षं मी हे केलं. तिला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. एकदा ती आली आणि माझ्या बाहीवरचं एक बारीक पान तिनं उचललं. बोटांत धरून पाहिलं आणि केराच्या सुपलीत टाकलं.

२०१३ च्या उन्हाळ्यात तिची किडनी गेली. सोलापूरच्या दवाखान्यात तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी बसून असायचो. एक दिवस दुपारी तिनं डोळे उघडले.

“ऐका,” ती म्हणाली. “मला नदीत सोडा.”

“असं का बोलतेस?”

“घरी नको. नदीतच सोडा.”

मी ‘हो’ म्हणालो. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “तसं नको. माझ्या भावाला बरोबर घेऊन जा. तो सोडेल.”

राख तिच्या भावानंच सोडली. सीना नदीला पाणी बेताचंच होतं. करडा डाग पाण्यावर पसरला, थोडा लांबला आणि वाहत गेला. मी काठावर उभा राहून जमेल तिथपर्यंत पाहत होतो. मग दिसेनासं झालं.

घरी आल्यावर आंघोळ करून मी मागच्या दाराची कडी काढली. तिच्या आजारपणात तीन महिने तिकडं गेलो नव्हतो. परसात पुन्हा घोट्याएवढी रोपं उभी होती. थोरलीच्या जागी चार फोक सरळ वर गेले होते, माझ्या डोक्याच्याही वर. एकाचे चार.

विळा आणला. मग विळा बाजूला ठेवला, खाली बसलो, एका फोकाला दोन्ही हातांनी बुडाशी धरलं आणि ओढलं.

जमीन कोरडी होती.